हिप्पो: गव्हाचं बंदर आणि तिथले बिशप

अल्जेरियातल्या अन्नाबा शहराला लागूनच हे अवशेष आहेत. टेकडीवर दिसतं ते १९०० साली पूर्ण झालेलं, ख्रिस्ती विचारवंत आणि इथले बिशप संत ऑगस्टिन यांच्या नावाचं चर्च, आणि पायथ्याशी प्राचीन हिप्पो रेजियस. आधी नुमिडिया या उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन राज्याच्या राजांचं, मग रोमनांचं. फोरम, नाट्यगृह, स्नानगृहं उभी राहिली. आसपासच्या शेतांतला गहू इथूनच जहाजांत चढायचा आणि रोमकडे निघायचा.

३९१ साली ऑगस्टिन हिप्पोत आले. लोकांनी त्यांना अक्षरशः धरून धर्मगुरू केलं. वृद्ध बिशप व्हॅलेरियस ग्रीक भाषक. लॅटिनमध्ये प्रवचन करणं त्यांना जड जाई. बिशपच्या उपस्थितीत दुसऱ्याने प्रवचन करायचं नाही, ही आफ्रिकेतली रीत त्यांनी ऑगस्टिन यांच्यासाठी मोडली. काही वर्षांत ऑगस्टिनच बिशप झाले.

पण हिप्पोला तेव्हा बिशप दोन होते! रोमनांनी ख्रिस्ती लोकांचा छळ केला त्या काळात ज्यांनी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले, त्यांचं धर्मगुरूपद मानायचं का, यावरून आफ्रिकेतलं चर्च दुभंगलं होतं. डोनेटस या बिशपला मानणाऱ्या गटाचं, म्हणजे डोनेटसपंथीयांचं, उत्तर ठाम ‘नाही’ असं होतं, आणि हिप्पोतला दुसरा बिशप त्यांचा. ४११ साली कार्थेजच्या सभेत निकाल त्यांच्याविरुद्ध गेला आणि मूळ चर्चमध्ये परत येण्याची त्यांच्यावर सक्ती सुरू झाली. ऑगस्टिन यांनी त्या सक्तीचं समर्थन केलं. त्यांच्याबद्दल कितीही आदर असला, तरी हे मनाला पटत नाही.

त्यांच्या उतारवयातलं एक पत्र मात्र पुन्हा पुन्हा वाचावं असं आहे. विसाव्या शतकापर्यंत ते कुणाला ठाऊकच नव्हतं. गुलामांचे व्यापारी खेड्यांवर धाडी घालून स्वतंत्र माणसांना पळवून आणत आणि याच बंदरातून परदेशी विकत. ऑगस्टिन गावात नसताना हिप्पोच्या ख्रिस्ती लोकांनी अशा सुमारे १२० जणांची सुटका केली. त्यांत स्वतःच्या आईबापांनी विकलेले जेमतेम पाच-सहा. बाकीच्यांना फसवून किंवा जबरदस्तीने आणलेलं. त्यांच्या कहाण्या ऐकताना अश्रू आवरत नव्हते, असं ऑगस्टिन लिहितात. बिशपपदाची खरी कसोटी मला इथे दिसते, मोठमोठ्या ग्रंथांपेक्षाही जास्त.

४३० साली व्हँडल या जर्मानिक टोळीने हिप्पोला वेढा घातला. वेढा चालू असतानाच, २८ ऑगस्टला, ऑगस्टिन वारले. पुढे शहर व्हँडलांच्या हाती गेलं, मग बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचे लोक, आले आणि सातव्या शतकात अरब. अल्जेरियातल्या एका कॅथलिक धर्मप्रांताच्या नावात कॉन्स्टंटीन शहरासोबत हिप्पो अजूनही आहे.