न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याचं सर्वांत वरचं न्यायालय आहे आल्बनी या राजधानीत. नाव ‘कोर्ट ऑफ अपील्स’. तिथे १९१४ ते १९३२ अशी अठरा वर्षं काम केलेल्या बेंजामिन कार्डोझो यांच्याविषयी आज बोलायचं आहे.

त्यांचे वडीलही न्यायाधीशच. पण न्यूयॉर्क शहरातल्या भ्रष्ट राजकारण्यांच्या बदनाम ट्वीड टोळीशी साटंलोटं असल्याचे आरोप झाले आणि १८७२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. बेंजामिन तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. पुढे आई गेली, मग वडीलही. पंधराव्या वर्षी तो कोलंबिया कॉलेजात दाखल झाला. कार्डोझोंनी लग्न केलं नाही. थोरल्या बहिणीसोबत ते राहिले. ज्या पदावर घराण्याचं नाव गेलं, त्याच पदावर त्यांनी ते परत मिळवलं, याचं मला फार मोल वाटतं.

१९१६ चा त्यांचा एक निकाल पाहा. मॅकफर्सन नावाच्या गृहस्थांच्या ब्यूक गाडीचं लाकडी चाक धावत असतानाच मोडलं आणि ते जखमी झाले. कंपनी म्हणाली, आम्ही गाडी विकली ती विक्रेत्याला; या गिऱ्हाइकाशी आमचा करारच नाही. शिवाय चाकही दुसऱ्याच कारखान्यातलं होतं. जुना कायदा बराचसा कंपनीच्या बाजूने होता. कार्डोझोंनी म्हटलं, गाडी विक्रेत्यासाठी थोडीच बनते? ती नीट बनली नाही तर जीव धोक्यात येणार तो चालवणाऱ्याचा, आणि हे कंपनीला ठाऊक असतं. म्हणून चाक तपासून घेणं तिचं कर्तव्यच. घोडागाडीच्या काळातले दाखले आजच्या प्रवासाला लागू पडत नाहीत, असंही त्यांनी लिहिलं. सदोष वस्तूबद्दल थेट उत्पादकाला जाब विचारण्याची वाट या निकालाने रुंद केली.

त्याआधी, १९१४ मध्ये, एका रुग्ण बाईंचा खटला आला होता. त्यांनी फक्त तपासणीला होकार दिला होता, डॉक्टरांनी शस्त्रक्रियाच केली. बाई हरल्या, कारण रुग्णालय धर्मादाय होतं आणि डॉक्टरांच्या अशा चुकीबद्दल धर्मादाय रुग्णालयाला तेव्हा जबाबदार धरत नसत. हे मला आजही खटकतं. पण सज्ञान, मन ठिकाणावर असलेल्या माणसाच्या शरीराचं काय करायचं हे त्यानेच ठरवायचं, हे तत्त्व कार्डोझोंनी त्याच निकालात मांडलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं अचेत अवस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या इच्छामरणाविषयी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला, तेव्हा कार्डोझोंचं हेच वाक्य त्यात उद्धृत झालं.