वर्गणी भरावी असं विणकामाचं मासिक

(दृश्य : टिळकवाडीतली ओसरी, बाहेर पाऊस)

पाऊस धरला की बेळगावात सुया बाहेर निघतात. खानापूरकडून येणारा वारा ओला असतो, आणि आत्ता हाती घेतलेला स्वेटर दिवाळीनंतरच्या पहाटेला उपयोगी पडतो. या ओसरीवर चौघी जणी बसल्यात. एकीच्या सुईवर नातवाचं टोपडं आहे, दुसरीच्या सुईवर बिनबाह्यांचा स्वेटर. मध्ये विणकामाचा एक अंक उघडा पडलाय. मुखपृष्ठावरचा फोटो झकास आहे, पण तो कुणी बघत नाही. काकूंचं बोट फिरतंय ते मागच्या पानावर, बारीक टाइपातल्या आकड्यांवरून.

वर्गणी भरायची ती या बारीक टाइपासाठी, असं आम्हाला वाटतं.

(दृश्य : नमुन्याचा तुकडा, जवळून)

हा तुकडा नीट बघा. स्वेटरला हात घालण्याआधी काकूंनी 30 टाके घालून तो विणला. मग धुतला, टॉवेलवर सपाट पसरून वाळवला. आता कडेचे टाके सोडून मधल्या भागात दोन टाचण्या लावल्यात, बरोबर 10 सेंटिमीटर अंतरावर. सुईच्या टोकाने एकेक टाका मोजणं चाललंय. वीस. अंकात लिहिलेत बावीस.

दोन टाक्यांनी काय होतं? 96 सेंटिमीटर घेराच्या स्वेटरला बावीसच्या हिशोबाने 211 टाके लागतात. हाच आकडा धरून काकूंच्या सैल हाताने विणलं, तर घेर भरेल साडेएकशेपाच सेंटिमीटर. स्वेटर अंगात तिघांना पुरेल असं काकू म्हणाल्या, आणि एका नंबरने बारीक सुई घेऊन दुसरा तुकडा विणायला बसल्या. चांगला अंक हे माप प्रत्येक नमुन्याच्या अगदी वर छापतो : 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके, किती ओळी, आणि कोणत्या विणीत मोजायचं. सुलट-उलट साध्या विणीत मोजलेलं माप वेणीच्या विणीला लागू होत नाही, कारण वेणी कापड आवळून धरते. ज्या अंकात हे माप नाही, त्यातल्या नमुन्याचा भरवसा नाही.

(दृश्य : खडेबाजार, लोकरीचं दुकान)

सुयांचे नंबर हा आणखी एक घोळ. आपल्याकडे 8 नंबरची सुई मागितली की दुकानदार 4 मिलिमीटरची काढून देतो. अमेरिकन नमुन्यातली 8 नंबरची सुई मात्र 5 मिलिमीटरची असते. आपल्याकडे चालतात ते जुने ब्रिटिश नंबर. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन पद्धतीत आकड्याबरोबर सुई जाड होत जाते. परदेशी नमुना उचलून नुसता नंबर छापणारा अंक वाचणारीला खड्ड्यात घालतो. मिलिमीटर लिहिले की प्रश्न मिटला.

तीच गोष्ट लोकरीची. किती ग्रॅम हे सगळेच छापतात. किती मीटर, हे फार थोडे. 50 ग्रॅम सुती धागा आणि 50 ग्रॅम लोकर यांची लांबी सारखी नसते, आणि बाही अर्ध्यावर असताना गुंडा संपला तर त्याच लॉटचा, म्हणजे त्याच वेळी रंगवलेला, दुसरा मिळेलच असं नाही. लेबलावरचा लॉट नंबर बघून सगळे गुंडे एकदम घ्या, हे सांगणारा अंक दुकानाच्या पायरीवरच पैसे वाचवतो.

(दृश्य : चौकटींचा तक्ता, त्यावर चार जणींची बोटं)

आता हा तक्ता. एक चौकट म्हणजे एक टाका, आणि चौकटीतलं चिन्ह म्हणजे तो टाका कसा विणायचा. सरळ बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. जपानमध्ये या चिन्हांचं प्रमाणीकरण झालेलं आहे. तिथला तक्ता जपानीचं एक अक्षर न येणारी बाईसुद्धा विणू शकते. बेळगावात याचं मोल फार आहे. या ओसरीवर मराठी बोलणाऱ्या दोघी, एक कन्नड, एक उर्दू. मजकूर एकीने वाचून दाखवावा लागतो, तक्ता चौघी एकदम वाचतात. सीमाभागातल्या वाचकांसाठी मासिक काढायचं असेल तर लांबलचक वाक्यं कमी करा आणि तक्ते मोठे छापा, चष्मा लागलेल्या डोळ्यांना दिसतील एवढे.

(दृश्य : किर्लोस्कर रोड, दुकानांच्या पाट्या)

मासिकांशी या शहराचं नातं जुनं आहे. हा किर्लोस्कर रोड. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. तिथूनच त्यांचे पुतणे शंकरराव यांनी 1920 मध्ये 'किर्लोस्कर' (तेव्हाचं नाव 'किर्लोस्कर खबर') आणि 1930 मध्ये 'स्त्री' ही मासिकं सुरू केली. बायकांनी पैसे भरून, आपल्या नावावर मासिक मागवावं, ही सवय मराठी घरांत अशी रुजली. टपालाने येणाऱ्या अंकाची वाट बघणं आमच्या आज्यांना ठाऊक होतं. विणकामालाही तेवढ्याच तोलाचं संपादन मिळायला हवं.

(दृश्य : चिकोडीकडचं माळरान, मेंढ्यांची कातरणी)

आणि लोकर येते कुठून, हेही छापा. दख्खनी मेंढीची ही लोकर राठ असते, तिचं घोंगडं होतं. अंगालगतच्या स्वेटरला ती टोचते. दुकानात 'लोकर' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा अॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा. त्यावर गरम इस्त्री फिरवली की वीण लोळागोळा होऊन बसते, पुन्हा उठत नाही. धागा कोणता आणि तो धुवायचा कसा, याच्या दोन ओळी प्रत्येक नमुन्याखाली असल्याच पाहिजेत.

चुकलेल्या आकड्यांपायी किती स्वेटर उसवले गेले आणि किती जणींनी सुया कायमच्या ठेवून दिल्या, याची नोंद कुठे नाही.

(दृश्य : अंकाचं शेवटचं पान)

म्हणून शेवटचं पान आधी उघडा. मागच्या अंकातल्या चुकांची दुरुस्ती तिथे छापली आहे का बघा. दर अंकात डझनभर नमुने द्यायचे तर एखादा आकडा चुकणारच, आणि दुरुस्ती छापणारे संपादक नमुना कुणाकडून तरी विणून घेतात, निदान वाचकांची पत्रं उघडतात. वर्षाची वर्गणी भरण्याआधी एक सुटा अंक घ्या. त्यातला सगळ्यात लहान नमुना, बाळाचे मोजे किंवा टोपडं, लिहिलंय तसंच्या तसं विणा. आकडे जुळले तर खुशाल पैसे भरा, वाचनालयालाही मागवायला सांगा. नाही जुळले तर कोणत्या ओळीत अडलं ते संपादकांना कळवा आणि पुढच्या अंकात दुरुस्ती येते का ते बघून ठरवा.