आमच्यानंतर याचे कोण पाहणार?

श्रोतेहो, नमस्कार. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाची विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षी संपते आणि पुढचे सारे आयुष्य बहुतेक घरांत आईच्या भरवशावर चालते. आज बोलायचे आहे ते या प्रौढ मुलामुलींविषयी आणि त्यांच्या घरच्यांविषयी.

पस्तिशीच्या मुलाच्या सदऱ्याची बटणे आई लावून देते, कारण त्याला वेळ लागतो आणि तिची डब्यांची घाई असते. यात माया आहेच; परंतु स्वतः बटणे लावणे, आज कोणता सदरा घालायचा हे ठरवणे, कोपऱ्यावरून दूध आणून उरलेले पैसे आईच्या हातात देणे, ही कामे वर्षानुवर्षे काढून घेतली की माणूस चिडचिडा होतो किंवा गप्प गप्प राहू लागतो, आणि खापर मात्र दिव्यांगत्वावर फुटते. बटणांना लागणारी दहा मिनिटे घराने सोसावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने आईवडीलही आपोआप पालक राहत नाहीत. अनेकांना हे बँकेच्या खिडकीशीच कळते. राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) ही अशा व्यक्तींच्या कल्याणासाठीची केंद्र सरकारची संस्था; तिच्या 1999 च्या कायद्यानुसार आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था जिल्ह्यातील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करू शकते. पालकाची गरज खरोखर आहे का आणि कोणत्या कामांपुरती, हे समिती तपासते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि त्यानंतर दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर मर्यादित पालकत्व सांगितले आहे, म्हणजे निर्णय त्या व्यक्तीला सोबत घेऊनच व्हावयाचा. राष्ट्रीय न्यासाची निरामय ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे.

कागद झाले तरी माणसे उरतातच. ‘ताई बघेल की’ असे म्हणून भावंडांना गृहीत धरले जाते. ताईला आणि तिच्या सासरच्यांना विचारतो कोण? बदलापूरची ‘आधार’ ही निवासी संस्था अशा मुलांच्या आईवडिलांनीच एकत्र येऊन उभी केली, पण प्रत्येक घराला असा पर्याय मिळेलच असे नाही. म्हणून आईवडिलांचे हातपाय चालत असतानाच मुलाला अधूनमधून चार दिवस ताईकडे राहू द्यावे, आणि कोणती गोळी केव्हा, कुकरच्या शिट्टीची भीती, झोपताना दिवा चालू हवा, हे सारे तिच्या वहीत लिहून द्यावे.