मखमल गेली, भरती राहिली

नमस्कार, श्रोतेहो.

आज मध्ययुगीन युरोपातील घोड्याच्या साजाविषयी बोलायचे आहे. खोगीर, रिकीब, तंग, दुमची, लगाम हे शब्द आपल्या कानांना परके नाहीत, त्यामुळे त्यांचे अर्थ सांगत बसत नाही. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते आणि पुढे ती पुन्हा सांगणार आहे. खोगीर जितके स्वारासाठी असते, तितकेच ते घोड्याच्या पाठीसाठी असते. चित्रकाराने रंगवलेल्या खोगिरात आपल्याला स्वाराची बाजू दिसते. घोड्याची बाजू पाहायची असेल, तर खरे खोगीर गाठावे लागते, आणि खरी मध्ययुगीन खोगिरे फार थोडी उरली आहेत.

चित्रांपैकी एक जुनी आणि बोलकी साक्ष म्हणजे फ्रान्समधील बायो येथील भरतकामाची पट्टी. ती जवळजवळ 70 मीटर लांब आणि साधारण अर्धा मीटर रुंद आहे. लिननच्या कापडावर लोकरीच्या दोऱ्यांनी 1066 सालच्या इंग्लंडवरील नॉर्मन स्वारीची हकिकत तिच्यावर भरलेली आहे. तिच्यातले घोडेस्वार नीट पाहा. त्यांचे पाय गुडघ्यात फारसे वाकलेले नाहीत. रिकिबी लांब सोडलेल्या आहेत आणि स्वार जवळजवळ उभाच आहे. खोगिराला पुढे आणि मागे उंच कमानी आहेत, घोड्याच्या छातीवरून पट्टा गेलेला आहे. गलबतांतून किनाऱ्यावर उतरणारे घोडे मात्र मोकळ्या पाठीचे आहेत. प्रवासात घोड्याची पाठ मोकळी ठेवायची असते, हे भरतकाम करणाऱ्या हातांना माहीत होते.

या उंच कमानींचे कारण भाल्यात आहे. भाला काखेत आवळून घोडा भरधाव सोडला की समोरच्यावर बसणारा धक्का स्वारालाही तितकाच मागे ढकलतो. मागची कमान त्याची कंबर धरून ठेवते आणि पुढची कमान त्याच्या पोटाचे व जांघेचे रक्षण करते. पुढे या कमानींवर पोलादी पत्रे चढले. जर्मन प्रदेशात तर खेळातल्या भालायुद्धाचा एक असा प्रकार निघाला की स्वार उंच खोगिरात सरळ उभा राही आणि त्याचे पाय लाकडी फळ्यांआड झाकलेले असत. असे एक खोगीर इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे. आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिकांत आणि परदेशी चित्रपटांतही कोणत्याही शतकातल्या वीराला आजचे सपाट खोगीर देतात, त्याचे मला मनापासून वाईट वाटते. तलवारीच्या मुठीवर महिनाभर चर्चा होते आणि ज्याच्यावर माणूस लढला, त्या खोगिराकडे कोणी पाहत नाही.

एका खोगिरामागे किती हात असत, याचा दाखला लंडनच्या जुन्या नोंदींत सापडतो. 1327 साली तिथे भर रस्त्यात मारामारी झाली. एका बाजूला खोगीर विकणारे होते, तर दुसऱ्या बाजूला खोगिराचा सांगाडा करणारे सुतार, तो रंगवणारे रंगारी आणि लगामाचे लोखंड व तांबे घडवणारे कारागीर होते. धनी बाजारात उभा राहतो आणि कारागीर मागच्या गल्लीत, ही तक्रार किती जुनी आहे ते पाहा.

आता जी हकिकत सांगायची म्हणून मी आज इथे बसले आहे, ती सांगते.

माझ्या थोरल्या मामांनी कोल्हापुरात टांग्यांचा आणि घोड्यांचा साज शिवण्यात उमेदीची वर्षे घालवली. टांगे गेले, तसे दुकानही गेले. पण आरी आणि मेणाचा दोरा त्यांनी शेवटपर्यंत जपून ठेवला. काही वर्षांपूर्वी ते लंडनला मुलीकडे गेले होते आणि योगायोगाने मीही तिथे होते. आम्ही तिघे वेस्टमिन्स्टर अॅबी हे तिथले जुने ख्रिस्ती मंदिर पाहायला गेलो. मंदिराच्या फरशीपासून 16 मीटर उंचीवर, छताजवळच्या जुन्या सज्जात, 2018 पासून एक दालन उघडलेले आहे. तिथे काचेआड इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याचे खोगीर ठेवले आहे.

हेन्री 1422 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये वारला आणि नोव्हेंबरमध्ये या मंदिरात त्याचे दफन झाले. अंत्ययात्रेतील त्याचे खोगीर, ढाल आणि शिरस्त्राण त्याच्या समाधीवरच्या तुळईला टांगले गेले आणि शतकानुशतके तिथेच राहिले. फ्रान्समधील अझॅंकूरच्या प्रसिद्ध लढाईत तो याच खोगिरावर बसला असेल, असे मात्र समजू नका. त्या दिवशी तो पायउतार होऊन लढला होता. या खोगिरावर एके काळी निळी मखमल होती आणि तिच्यावर सोनेरी लिलीची फुले होती. ती फ्रान्सच्या राजचिन्हातली फुले. 1420 च्या तहाने हेन्री फ्रान्सच्या गादीचा वारस ठरला होता, म्हणून त्याच्या खोगिरावर ती शोभत होती.

मामांची मुलगी हे सगळे फलकावरून वाचून मराठीत सांगत होती. मामा ऐकत होते, पण त्यांची नजर दुसरीकडे होती. थोड्या वेळाने म्हणाले, “वरचं राहू दे गं पोरी. आत काय घातलंय ते बघू.” आणि ऐंशीच्या घरातला तो माणूस काचेजवळ एका गुडघ्यावर बसला. रखवालदार धावत आला. त्याला वाटले, म्हाताऱ्याला भोवळ आली. मुलीने त्याला समजावले की हे खोगिरे करणारे आहेत. तेव्हा तो बाजूला झाला आणि मामा किती वेळ तसेच बसून होते, हे मी घड्याळात पाहिले नाही.

मखमल आता जवळजवळ उरलेली नाही. उघडे लाकूड दिसते आणि त्यावर जाड्याभरड्या कापडाची गादी दिसते. त्या गादीत गवत भरलेले आहे. मामांनी काचेवर बोट न टेकवता हवेतच शिवणीची रेघ ओढून दाखवली. म्हणाले, “गवत नीट वाळवून भरलंय बघ. ओलं भरलं असतं तर पहिल्याच पावसाळ्यात कुजलं असतं. हे करणाऱ्यानं घाई केली नाही.” मग मला शिकवल्यासारखे म्हणाले, “लाकूड मणक्यावर टेकलं की आठ दिवसांत पाठीला घाव पडतो. राजाला मखमल लागते, घोड्याला भरती लागते.”

इथे मला थांबून एक सांगितले पाहिजे. आपण मराठीत निरुपयोगी माणसांच्या आणि वस्तूंच्या गोतावळ्याला खोगीरभरती म्हणतो. मामांना हा शब्द कधी सहन झाला नाही. घरात कोणी तो उच्चारला की ते हातातले काम बाजूला ठेवून म्हणत, “ज्याला भरती करता येत नाही, त्यानं हे काढलं असणार.” आम्ही मुले तेव्हा हसत होतो. त्या दिवशी काचेसमोर मला हसू आले नाही.

खाली समाधीवर हेन्रीचा ओकच्या लाकडाचा पुतळा आहे. त्याच्यावर चांदीचे पत्रे होते आणि त्याचे मस्तक सबंध चांदीचे होते. 1546 साली चोरांनी ती सगळी चांदी लांबवली. आज तिथे जे मस्तक आहे, ते 1971 साली बसवलेले आहे. चांदी चोरांनी नेली, मखमल काळाने नेली, आणि गवताची भरती जागेवर राहिली. हे मी मामांना परतीच्या वाटेवर सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण रात्री जेवताना त्यांनी ते जावयाला, नातवाला आणि फोनवर कोल्हापूरला मामींना, असे तीनदा सांगितले.

या अनुभवानंतर माझे एक मत पक्के झाले आहे. संग्रहालयांनी खोगिराखाली एक आरसा ठेवावा. खर्च फारसा नाही. मात्र घोड्याची बाजू लोकांना दिसेल. खोगीर घोड्याच्या पाठीसाठीही असते, असे मी सुरुवातीला म्हणाले होते. ते आरशाशिवाय कसे कळावे?

वेळ थोडा उरला आहे, तरी हाडाच्या खोगिरांचा उल्लेख राहू नये. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्य युरोपात हाडाच्या कोरीव पट्ट्यांनी मढवलेली खोगिरे केली गेली आणि त्यांतली वीसेक आज शिल्लक आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांतली काही आहेत. त्यांपैकी एकावर एक स्त्री आणि एक पुरुष कोरलेले आहेत आणि त्यांचे बोलणे जर्मन भाषेत लिहिलेले आहे. त्या बोलण्यात एक प्रश्न येतो, “पण युद्ध संपले तर?” सदैव तुझे होण्यात मला आनंद आहे, असेही एक वाक्य त्याच खोगिरावर आहे. कोणते युद्ध, ते कोरणाऱ्याने लिहिलेले नाही.

त्याचे छायाचित्र मी मामांना दाखवले होते. हाडावरचे कोरीव काम त्यांनी कौतुकाने पाहिले आणि विचारले, “खाली काय आहे?” अशा काही खोगिरांना लाकडावर कच्चे कातडे आणि बर्च झाडाची साल लावलेली असते, असे मी वाचून सांगितले. साल शब्द ऐकताच त्यांनी चष्मा पुसला, छायाचित्र पुन्हा हातात घेतले आणि ते उलटून कागदाच्या मागे पाहिले.

नमस्कार.