आकड्याची पेटी किती डझनी?

अध्यक्ष महोदय आणि उपस्थित मंडळी,

'अहवालांतील आकड्यांचे आकारानुसार बदलणारे स्वरूप' असा भारदस्त विषय पत्रिकेवर वाचूनही आपण भर पावसात छत्र्या सांभाळत आलात, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते. माझे म्हणणे एका वाक्याचे आहे. आकडा लाखांत दाखवायचा की कोटींत, हे त्या एकट्या आकड्याने ठरवू नये. तो ज्या रांगेत उभा आहे, त्या रांगेने ठरवावे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. आंब्यावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यासाठी (ज्यांनी तो ओळखला असेल त्यांनी कृपया गप्प बसावे) मी पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केंद्रवार विक्रीचा अहवाल केला होता. संचालकांना पडद्यावर आठ-आठ अंकांच्या माळा नको होत्या, म्हणून मी 'फॉरमॅट' हे फंक्शन वापरून लहान आकड्यापुढे 'लाख' आणि मोठ्यापुढे 'कोटी' आपोआप उमटेल अशी सोय केली आणि स्वतःवरच खूश झालो. भर बैठकीत विक्रीचा तक्ता उतरत्या क्रमाने लावला, तर सर्वांत वर ९.१ लाखांचे दापोली, मध्ये ८७ लाखांचे राजापूर आणि तळाला १.४ कोटींचे देवगड! चेअरमन स्वतः देवगडचे. ते चष्मा काढून म्हणाले, "आमच्या देवगडाक तळाक कित्याक घातलंस?" (हशा.) 'फॉरमॅट' संख्येचा मजकूर करून टाकते आणि मजकुराची क्रमवारी पहिल्या अक्षरावरून लागते, म्हणून नवाखाली आठ आणि आठाखाली एक, हे कारण त्या क्षणी कोणाला ऐकायचे होते? त्याच मजकुराचा आलेख काढा म्हणाले, तोही निघेना, आणि माझे बिल पुढच्या हंगामापर्यंत अडकले, ते वेगळेच.

एप्रिल २०२३ मध्ये पॉवर बीआयने मेजरसाठी, म्हणजे एकूण विक्रीसारख्या सूत्राने काढलेल्या आकड्यासाठी, बदलते फॉरमॅट चाचणीस्वरूपात दिले. त्यात संख्या संख्याच राहते, केवळ तिचे दिसणे बदलते. क्रमवारी सुधारली, देवगड वर गेले; पण आता एकाखाली एक १.४, ८७ आणि ९.१ असे दिसू लागले आणि घाईत पाहणाऱ्याची नजर थेट ८७ वर जाऊन थांबू लागली, कारण हे फॉरमॅट प्रत्येक चौकटीसाठी स्वतंत्रपणे ठरते. आपल्याकडे आंब्याच्या पेटीचा भाव कोणी सांगितला की आपण आधी विचारतो, पेटी किती डझनी? फळ मोठे असेल तर त्याच खोक्यात डझन कमी बसतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, आणि चार डझनी व सहा डझनी पेट्यांचे भाव एका रांगेत मांडून कोणता चढा, हे कोणी ठरवत नाही. तक्त्यात मात्र आपण नेमके तेच करतो.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा पत्रिकेवरचा मूळ विषय आता पाच मिनिटांत उरकतो. एकटा आकडा दाखवणाऱ्या कार्डाला आकारानुसार एकक खुशाल बदलू द्यावे. तक्त्यात मात्र निवडलेल्या ओळींतील सर्वांत मोठी किंमत आधी काढून तिच्यावरून एकच एकक सर्व ओळींना लावावे. किंमत तपासताना अधिक-उण्याचे चिन्ह वगळावे, नाहीतर ३ कोटींचा तोटा 'एक कोटीहून मोठा' ठरत नाही आणि आठ अंकी माळ होऊन समोर येतो.

दुसरी अडचण स्वल्पविरामाची. आकडा कसा दिसावा हे सांगण्यासाठी फॉरमॅट म्हणून जी चिन्हे लिहितात, त्यांच्या शेवटचा प्रत्येक स्वल्पविराम संख्येला हजाराने भागतो. त्यामुळे हजार आणि दशलक्ष सहज मिळतात, आपला लाख मिळत नाही. एक्सेलमध्ये यावर जुनी युक्ती आहे: शून्य, उलटी तिरकी रेघ, टिंब, दोन शून्ये आणि एक स्वल्पविराम. संख्या हजारांत येते, तिच्या शेवटच्या दोन अंकांआधी टिंब नुसते चिकटवले जाते, आणि १२,३४,५६७ चे १२.३५ लाख दिसतात. कोटींसाठी दोन स्वल्पविराम लागतात, पण मग टिंबानंतर एकच अंक मिळतो.

राहता राहिली सीमारेषा. ९९,९९,९९९ रुपये कोटीच्या आत असल्याने लाखांत जातात आणि पडद्यावर '१००.०० लाख' उमटतात. म्हणून कोटीची पायरी थोडी अलीकडे, ९९,९९,५०० वर ठेवावी. प्रश्न असतील तर बाहेर चहाच्या टेबलाशी विचारावेत, सभागृह आठ वाजता बंद होते.