परवाचं मत आणि चार वर्षांपूर्वीची थकलेली बिलं

श्रोतेहो, नमस्कार.

परवा मंगळवारी, 6 नोव्हेंबर 2012 ला, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान आहे. मी मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या उत्तरेला राहते आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या प्रेस शॉपचे हिशेब सांभाळते. पिंपरी, भोसरी, चाकणकडच्या श्रोत्यांना प्रेस शॉप म्हणजे काय ते सांगायला नको. पत्रा येतो, डायखाली म्हणजे साच्याखाली जातो, ब्रॅकेट होऊन बाहेर पडतो आणि पेट्या भरून गिऱ्हाइकाकडे जातो. माझं मत बराक ओबामांना आहे. ते का, हे आज सांगणार आहे. त्यांच्यावर माझा राग आहे, तोही सांगणार आहे.

ओबामांच्या विरोधातले रिपब्लिकन उमेदवार मिट रॉमनी गेले काही महिने एकच प्रश्न विचारताहेत: चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का? प्रश्न रास्त आहे. परवा शुक्रवारी आलेल्या आकड्यांनुसार देशातली बेकारी 7.9 टक्के आहे. यंदाच्या ऑगस्टपर्यंत सलग 43 महिने ती 8 टक्क्यांच्या वर होती. आमच्या मिशिगनमध्ये आजही 9 टक्क्यांच्या वर आहे. ज्याच्या घरात दोन वर्षं पगार आलेला नाही, त्याला "सुधारणा होतेय" हे सांगायला जीभ रेटत नाही.

पण चार वर्षांपूर्वी म्हणजे नेमकं कधी? मला 2008 चा डिसेंबर आठवतो, तो येण्याच्या, म्हणजे गिऱ्हाइकांकडे थकलेल्या पैशांच्या, यादीमुळे. आमच्या धंद्यात माल आज जातो आणि पैसे दीड-दोन महिन्यांनी येतात. त्या मधल्या काळात पत्र्याचं बिल, पगार, विजेचं बिल भागवायला बँक त्या येण्यावरच पैसे द्यायची. त्या डिसेंबरात बँकेने सांगितलं, डेट्रॉइटच्या कंपन्यांकडचं, म्हणजे जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लरकडचं, येणं आम्ही तारण म्हणून धरत नाही. कागदावर आमचे लाखो डॉलर लोकांकडे होते आणि शुक्रवारचे पगार कुठून द्यायचे हे मालकांना कळत नव्हतं. रात्रपाळी बंद झाली. डाय तेल लावून रॅकवर ठेवून दिले. ज्या माणसांनी ते ठेवले, त्यांतली निम्मी पुढच्या महिन्यात कामावर नव्हती.

म्हणून माझ्यासाठी या निवडणुकीचा प्रश्न असा आहे: त्या हिवाळ्यात कोण काय म्हणत होतं आणि कोणी काय केलं?

रॉमनी आमच्या डेट्रॉइटचेच. जन्म इथला. वडील जॉर्ज रॉमनी अमेरिकन मोटर्सचे प्रमुख होते, पुढे मिशिगनचे गव्हर्नर झाले. अशा माणसाने 18 नोव्हेंबर 2008 च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला की बुडायला आलेल्या या कंपन्यांना सरकारने थेट पैसे देऊ नयेत, त्यांना रीतसर दिवाळखोरीतून जाऊ द्या. "डेट्रॉइटला दिवाळखोर होऊ द्या" या मथळ्यावरून इथे त्यांना अजून शिव्या बसतात. मला तेवढंच पुरेसं वाटत नाही, कारण लेख मी नीट वाचला आहे. दिवाळखोरी लागेल हे त्यांचं म्हणणं खरं ठरलं. क्रायस्लर 30 एप्रिल 2009 ला कोर्टात गेली, जनरल मोटर्स 1 जूनला. व्यवस्थापन बदला, खर्च कमी करा, हेही त्यांनी लिहिलं होतं आणि तेही झालं.

गाडी अडते ती पुढच्या मुद्द्यावर. दिवाळखोरीत गेलेला कारखाना चालू ठेवायचा तर रोज रोकड लागते. ती देणार कोण? रॉमनींच्या मते कर्ज खासगी क्षेत्राने द्यावं, सरकारने फक्त हमी द्यावी, तीही दिवाळखोरीनंतरच्या कर्जाला. त्या हिवाळ्यात एवढी रक्कम देणारी बँक शिल्लकच नव्हती. आमच्यासारख्या शॉपला पगारापुरते पैसे मिळत नव्हते, तिथे जनरल मोटर्सला अब्जावधी डॉलर कोण देणार होतं? हमी द्यायला आधी सावकार तर समोर हवा! सरकारी पैसा नसता, तर कोर्टातून कंपनी नव्याने उभी राहिली नसती, तिची यंत्रं भंगारात गेली असती.

आणि एक कंपनी गेली की तेवढ्यावर थांबत नाही. आमच्यासारखे सप्लायर तिघांनाही माल देतात. एकाचं येणं बुडालं की आम्ही बुडतो आणि आम्ही बुडालो की ज्याचं बरं चाललंय त्याचीही लाइन थांबते. फोर्डने ते सरकारी कर्ज घेतलं नाही, तरी फोर्डचे प्रमुख अ‍ॅलन मुलाली वॉशिंग्टनला जाऊन प्रतिस्पर्ध्यांना मदत करा असं सांगत होते, त्याचं कारण हेच.

पहिला हप्ता तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी दिला, 19 डिसेंबर 2008 ला, 17.4 अब्ज डॉलरचा. त्याचं श्रेय त्यांना मिळायलाच हवं. ओबामांनी पुढे कडक अटी घातल्या, जनरल मोटर्सचे प्रमुख बदलायला लावले आणि मार्च 2009 मध्ये सप्लायरांची येणी सुरक्षित करायला 5 अब्जांची योजना आणली. येण्याच्या यादीकडे बघत बसलेल्या माणसाला त्या बातमीने काय वाटलं असेल, हे धंदा करणाऱ्या श्रोत्यांना कळेल. जनरल मोटर्स 10 जुलैला कोर्टातून बाहेर पडली. तुमच्या तळेगावात 2008 सालीच कारखाना सुरू केला, तो याच कंपनीने.

आता राग. या सगळ्यात 80 अब्ज डॉलरच्या आसपास पैसा गेला आणि तो पुरता परत येईल असं दिसत नाही. ते मला चालतं. चालत नाही ते दुसरं. जनरल मोटर्समधूनच वेगळ्या झालेल्या, सुटे भाग बनवणाऱ्या डेल्फी कंपनीच्या युनियनच्या कामगारांची पेन्शन जनरल मोटर्सने भरून दिली, पण त्याच कंपनीतल्या बिगर-युनियन पगारदारांची पेन्शन कापली गेली, काहींची अर्ध्याहून जास्त. तीस-तीस वर्षं नोकरी केलेली माणसं आहेत ती. ओबामा इथे येऊन भाषणं करतात, त्यांत या लोकांचं नाव नसतं. घरांचं तेच. गहाणाचे हप्ते कमी करून 30 ते 40 लाख कुटुंबांना आधार देऊ म्हणाले होते, कायमचा दिलासा जेमतेम 10 लाखांच्या आसपास लोकांना मिळाला. बँका सावरल्या, घरं गेली. शिवाय आज आमच्याकडे नव्याने लागणाऱ्या पोराला जुन्या कामगाराच्या जवळपास निम्मा पगार मिळतो. दोघे एकाच प्रेसवर उभे असतात.

शेजारचे नागपूरचे काका रॉमनींना मत देणार आहेत. ते मला म्हणतात, "वहिनी, सोळा ट्रिलियन डॉलरचं कर्ज झालंय. फेडणार कोण, आपली नातवंडं?" त्यांची काळजी खोटी नाही. मी त्यांना एवढंच विचारते की रॉमनी आयकराचे दर सरसकट 20 टक्क्यांनी खाली आणणार आहेत. त्याची भरपाई कोणत्या सवलती बंद करून करणार, हे एकाही वादविवादात त्यांनी सांगितलेलं नाही. घरकर्जाच्या व्याजाची सवलत जाणार का? मालकाने भरलेल्या आरोग्यविम्यावर कर लागणार का? कर्जाची काळजी असणाऱ्याने हे आधी विचारायला हवं. काकांकडे उत्तर नाही, आमची चर्चा चहाबरोबर चालूच राहते.

गेल्या आठवड्यात शेजारच्या ओहायो राज्यात रॉमनींच्या जाहिराती लागल्या. त्या ऐकून क्रायस्लरच्या जीप गाड्यांचं काम चीनला चाललंय असा समज व्हावा. इथलं काम हलवणार नाही, असं क्रायस्लरने स्वतः जाहीर केलं, तरी जाहिराती चालूच राहिल्या. ओहायोत, टोलेडोच्या कारखान्यात, लोक एकमेकांना फोन करून विचारत होते, आपली नोकरी राहणार का म्हणून. नोकरी गेलेल्या भागात अशी भीती पेरणं मला माफ करता येत नाही.

मिशिगनमधल्या मराठी मतदारांना शेवटचं सांगते. मतपत्रिका या वेळी खूप लांब आहे. वरचं नाव भरून निघून येऊ नका. खाली सहा प्रस्ताव आहेत आणि सहावा कॅनडाला जाणाऱ्या नव्या पुलाच्या वाटेत अडथळा घालणारा आहे. आजचा अ‍ॅम्बॅसडर पूल खासगी मालकीचा आहे आणि नवा पूल अडवायला त्या मालकाने पैसा ओतलाय. मिशिगनचा वाटा कॅनडा सरकार भरायला तयार आहे. आमच्या ब्रॅकेटच्या पेट्या याच नदीवरून पलीकडे जातात. सहाव्या प्रस्तावावर मी "नाही" भरणार आहे. मतदान सकाळी सात ते रात्री आठ, आणि ओळखपत्र जवळ ठेवा.