दलदलीने सांभाळलेला वारसा

नमस्कार श्रोतेहो.

आयर्लंडची हिरवी कुरणं आपण चित्रांत पाहिलेली असतात. आज बोलायचंय ते तिथल्या काळ्या, पाय टाकला की खचणाऱ्या दलदलीबद्दल. तिथे पाणी साचून राहतं, हवा आत पोचत नाही, त्यात आम्लपणा. त्यामुळे मेलेलं शेवाळ धड कुजतच नाही. थरावर थर चढत जातो. हे पीट. गावकरी त्याचे तुकडे कापतात, वाऱ्यावर वाळवतात आणि सरपण म्हणून जाळतात.

मेयो परगण्यातल्या बेलडेरिगचे शाळामास्तर पॅट्रिक कॉलफिल्ड 1930 च्या दशकात असंच पीट कापत होते. तळाशी दगडांच्या रांगा लागल्या. मास्तरांनी नेमकं हेरलं : दगड पीटच्या खाली आहेत, म्हणजे पीट साचण्याआधीच कुणीतरी ते रचलेत. त्यांनी डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला कळवलं. पुढे त्यांचा मुलगा शेमस पुरातत्त्वज्ञ झाला आणि त्याने 1970 च्या दशकात हा शोध हाती घेतला.

त्याची पद्धत मला फार आवडते. लांब लोखंडी सळई पीटमध्ये खुपसत जायचं. नुसतं पीट असेल तर सळई खोल जाते. बांध असेल तर आधीच दगडावर अडकते. अशी टोच्यामागून टोचा खोली टिपत, न खणताच शेतांचा नकाशा उभा राहिला. लांबच लांब समांतर बांध आणि त्यांना जोडणारे आडवे बांध. हीच केजा फील्ड्स. शेमस यांच्या मते ती पाच हजार वर्षांहून जुनी. काही संशोधक मात्र बांध बरेच नंतरचे मानतात. काळ कुठलाही ठरो, एवढे सरळ बांध एका घराचं काम नव्हे. तिथे गुरं राखणाऱ्या माणसांनी आपसांत बसून जमीन वाटून घेतली असणार.

दलदलीने अक्षरंही राखली. 1914 मध्ये अँट्रिम परगण्यात सहा लाकडी पाट्या सापडल्या, चामड्याने बांधलेल्या. पाट्यांवर मेणाचा थर आणि त्यात टोकदार काडीने कोरलेली लॅटिन स्तोत्रं, साधारण इ.स. 600 ची. आपल्या धूळपाटीसारखंच, पुसा आणि पुन्हा गिरवा.

2006 च्या जुलैमध्ये टिपररी परगण्यात फॅडन मोर इथे पीट काढताना यंत्राच्या बादलीत एक स्तोत्रग्रंथ आला, इ.स. 800 च्या आसपासचा. कातडी पानांचा पार लगदा झाला होता. पण शाईत लोह आणि वनस्पतीतलं टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारं द्रव्य होतं. शाईने आपल्याखालचं कातडं कमावून टाकलं होतं. म्हणून भोवतालचं पान विरघळलं तरी अक्षरं सुटी सुटी उरली! संवर्धकांनी ती वर्षानुवर्षं खपून जुळवली. वेष्टनाच्या आत अस्तर निघालं ते पपायरसचं. हा कागद इजिप्तकडचा. आयर्लंडच्या मठांचे धागे किती दूरवर जुळले होते, हे त्या चिंध्यांवरून कळतं.

पीट कापलं म्हणून हे सगळं हाती आलं आणि कापता कापता कितीतरी नासलंही असेल, याची मला खंत वाटते. बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने 2021 मध्ये पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं; आता अनेक दलदलींत पुन्हा पाणी भरू दिलं जातंय. तरीही कुणाला जुनी वस्तू सापडलीच, तर आयरिश कायद्याप्रमाणे चार दिवसांच्या आत कळवावं लागतं. दलदलीतली वस्तू असेल तर ती वाळू द्यायची नाही, ओल्या पीटखाली झाकून ठेवायची.